घाटरस्ता, पिकअप आणि गिअरबॉक्समधील तेल

पांढुर्णा आणि सौंसर हे संत्र्यांच्या बागांचे तालुके. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन २०२३ साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु बागांचे आणि रस्त्यांचे जुने नाते जसेच्या तसे राहिले. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची फळे फाल्गुनाच्या आसपास उतरू लागली, की बागेतून मंडीपर्यंत आणि मंडीतून पुढे नागपूर, बैतुल, छिंदवाडा या दिशांना पिकअप गाड्यांची रीघ लागते. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी अशी एखादी गाडी आहे. ती बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. मुलांचे शिक्षण, घरचे औषधपाणी आणि बँकेचा हप्ता हे सारे तिच्या चार चाकांवर चालते. ऐन बहारात तिचा गिअरबॉक्स जळाला, तर एकीकडे दुरुस्तीचा खर्च आणि दुसरीकडे क्रेटमध्ये मऊ पडू लागलेला माल, अशी त्या कुटुंबाची कोंडी होते.

‘गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर बसवून घ्या, म्हणजे घाटात काळजी नाही,’ असा सल्ला अशा वेळी हटकून मिळतो. हा सल्ला खोटा नाही. पण तो प्रत्येक गाडीला लागू नाही. कोणत्या गाडीला तो लागू आहे, का लागू आहे, आणि कूलर बसवावयाचाच झाला तर काम कसे करून घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. वर्गात भाषा आणि इतिहास शिकवितो. तथापि मिस्त्रींच्या कारखान्यात तासन् तास उभे राहण्याची आम्हांस हौस आहे, आणि नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जेवढे सांगितले आहे, तेवढ्यावर हा विषय बराचसा उलगडतो, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम गाडीची जात ओळखली पाहिजे. आपल्या भागात माल वाहणाऱ्या बोलेरो पिकअप, ‘छोटा हत्ती’ इत्यादी बहुतेक गाड्यांत हाताने गिअर बदलावा लागतो. या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाके तेलात बुडून फिरतात आणि तेच तेल उडवीत स्वतःला न्हाऊ घालतात. दाते दात्यांत घट्ट बसलेले असल्यामुळे एंजिनाच्या शक्तीपैकी फारच थोडी, शेकडा दोनतीन, घर्षणात जाते आणि तिची उष्णता होते. गिअरबॉक्सचे धातूचे कवच गाडीखाली वाऱ्यात उघडे असते. ते तेवढी उष्णता सहज सोडून देते. अशा गाडीला निराळा ऑइल कूलर लावणे म्हणजे पावसात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर घागर ओतण्यासारखे आहे. त्यात योग्य प्रतीचे तेल योग्य पातळीपर्यंत असावे आणि ते पुस्तकात सांगितलेल्या अंतरानंतर बदलावे, एवढे पुरे. घाटात अशा गाडीचे जळते ते बहुधा क्लचचे; आणि ते जळते चालकाच्या पायामुळे. चढावर गाडी थोपवून धरण्यासाठी जो अर्धा क्लच दाबून ठेवतो, तो दोन चकत्या एकमेकींवर घाशीत असतो. त्याला कूलर उपयोगी नाही. हँडब्रेक उपयोगी आहे.

दुसरी जात स्वयंचलित गिअरबॉक्सची. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांसारख्या मोठ्या पिकअप गाड्या आपल्याकडे अशा गिअरबॉक्ससह विकल्या गेल्या आहेत. अमेरिकेत तर बहुतेक पिकअप स्वयंचलितच असतात, आणि तेथे राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीत मागे राहुटीची गाडी जोडून डोंगरांत जातात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहतो. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे ‘एएमटी’ नावाची पद्धत आली. तीत क्लचचे पेडल नसते. म्हणून लोक तिलाही स्वयंचलित म्हणतात. पण आत गिअरबॉक्स जुन्याच पद्धतीचा असतो. केवळ क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. म्हणजे ती गाडी पहिल्या जातीची झाली, आणि तिलाही हा कूलर नको.

खऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये एंजिन आणि गिअर यांच्यामध्ये नेहमीचा क्लच नसतो. टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो समजण्यास एक सोपा प्रयोग आहे. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि एकच सुरू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पंख्यांच्या जागी पात्यांच्या दोन वाट्या असतात आणि वाऱ्याच्या जागी तेल असते. एंजिनाला जोडलेली वाटी तेल भिरकावते, ते समोरच्या वाटीवर आदळते आणि ती फिरू लागते. दोहोंच्या मध्ये पात्यांचे तिसरे एक चक्र असते. ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते आणि त्यामुळे सुरुवातीच्या ओढीचे बळ वाढते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, ते मोटारींसाठी नव्हे तर जहाजांसाठी. मोटारींत द्रवाच्या साहाय्याने चालणारा स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला, तो १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांतून.

आपल्या सौंसरकरांना हे तत्त्व अगदीच परके नसावे. नागपूर–छिंदवाडा ही छोटी रेल्वे २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि पुढे तेथे रुंद मार्ग आला. त्या छोट्या गाडीची अखेरच्या काळातील डिझेल एंजिनेही अशाच द्रवचालित पद्धतीची होती. ज्या आजोबांनी सौंसर स्टेशनावर ती पाहिली असतील, त्यांना हे मुद्दाम सांगावे. रेल्वे एंजिनांच्या या पद्धतीत भारतीय अभियंते मनमोहन सुरी यांनी सुधारणा केली. अभियांत्रिकीतील कार्याबद्दल त्यांना १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. गाडीला वेग आला, की द्रवामार्गे शक्ती नेऊन ती वाया का घालवावी, सरळ यांत्रिक जोडणी का करू नये, हा त्यांच्या रचनेचा गाभा. आजच्या मोटारींतही वेग आला की दोन्ही वाट्या एका चकतीने एकमेकींना जखडल्या जातात आणि घसरण थांबते.

घसरण हाच येथे कळीचा शब्द आहे. वाट्या जखडलेल्या नसतात, तेव्हा दुसरी वाटी पहिलीपेक्षा नेहमी थोडी मागे राहते; आणि जी शक्ती पुढे पोहोचत नाही, ती तेल घुसळण्यात खर्च होऊन उष्णता बनते. सपाट महामार्गावर हे क्वचितच घडते. परंतु सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाट लागतो. तेथे भरलेली गाडी, पुढे मुंगीच्या गतीने चाललेला ट्रक आणि मागे ओळ, अशा वेळी वेग इतका कमी असतो की जखडणारी चकती सुटी राहते आणि तेलाचे घुसळणे अखंड चालू राहते.

ही उष्णता किती, याचा हिशेब आपण वहीत मांडू शकतो. समजा, गाडी आणि माल मिळून वजन ३००० किलोग्रॅम आहे आणि गाडी १० मिनिटांत १५० मीटर उंची चढली. कार्य = ३००० × ९.८ × १५० = ४४,१०,००० जूल. ते ६०० सेकंदांत झाले. म्हणजे शक्ती ७,३५० वॅट. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण आपण सोडून देऊ. आता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शेकडा १५ शक्ती वाया जाते असे धरले, तर एंजिनाला सुमारे ८,६५० वॅट द्यावे लागतील आणि त्यांपैकी सुमारे १,३०० वॅट उष्णता होईल. घरी बादलीत पाणी तापविण्याची जी विजेची कांडी असते, तशी एक कांडी दहा मिनिटे त्या तेलात बुडवून ठेवावी, तसा हा प्रकार झाला. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर तेल आहे असे समजू. त्याचे वजन सुमारे ६.८ किलोग्रॅम, आणि एक किलोग्रॅम तेल एका अंशाने तापविण्यास सुमारे २,००० जूल लागतात. मग उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तेल ५७ अंशांनी तापेल. आरंभी ८० अंश असलेले तेल घाटमाथ्यावर १३७ अंशांवर पोहोचेल. प्रत्यक्षात काही उष्णता धातूचे कवच शोषून घेते, काही वारा नेतो, आणि गाडीचा मूळचा कूलर आपले काम करीत असतो. म्हणून आकडा एवढा चढत नाही. पण त्या मूळच्या कूलरवर किती भार पडतो, ते यावरून ध्यानात येईल. हाच हिशेब हाताच्या गिअरबॉक्ससाठी शेकडा ३ धरून करावा. उष्णता २३० वॅटांच्या आत येते, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा.

स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल सामान्यतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये सुखाने राहते. त्यापुढे तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा यंत्रविदांचा ढोबळ नियम आहे. ९० अंशांवर जे तेल आठ वर्षे टिकले असते, ते सतत १२० अंशांवर ठेवल्यास एकच वर्ष टिकेल. तेल बिघडले म्हणजे काळवंडते, करपट वास येतो, रबरी सीले कडक होतात, आतील चकत्या घसरू लागतात. आणि घसरण वाढली की उष्णता आणखी वाढते. त्या फेऱ्यात सापडलेला गिअरबॉक्स फार दिवस काढीत नाही.

आता मूळचा कूलर काय करतो ते पाहू. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच एक लहानशी नळी असते. गिअरबॉक्सचे तेल तीतून फिरून येते आणि भोवतीच्या पाण्याला उष्णता देते. पण एंजिनाचे ते पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास असते! न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम आठवावा: वस्तू किती लवकर निवेल, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. तेल ११० अंशांवर आणि पाणी ९० अंशांवर असेल, तर फरक केवळ २० अंशांचा. तेच तेल वैशाखातल्या भर दुपारी, ४५ अंशांच्या वाऱ्यातून फिरविले, तरी फरक ६५ अंशांचा, म्हणजे तिपटीहून अधिक. ज्या झळांनी आपण दारे-खिडक्या लावून घेतो, त्या झळा या तेलाच्या दृष्टीने गार वाऱ्याची झुळूक आहेत. वेगळा ऑइल कूलर म्हणजे याच फरकाचा उपयोग करून घेण्याची युक्ती. (आमची मातृभाषा कोकणी. तीत तापलेल्या पाण्याला ‘हून उदक’ म्हणतात आणि थंड होण्याला ‘निंवप’. मराठीतले ‘ऊन पाणी’ आणि ‘निवणे’ हे त्यांचे सख्खे भाऊ. शीतलीकरण या भारदस्त शब्दापेक्षा ‘निवणे’ आम्हांस अधिक गोड वाटतो. म्हणून पुढे तोच वापरू.)

खर्च करण्यापूर्वी तेलाचे तापमान दाखविणारा मापक बसवून घ्यावा. भरलेल्या गाडीने नेहमीचा घाट दोनतीनदा चढावा आणि आकडा पाहावा. तो १०० च्या आतच राहत असेल, तर पैसे घरात ठेवावेत. पुष्कळदा चालकाने गिअरचा दांडा स्वतः खालच्या गिअरवर आणल्यानेच काम भागते. एंजिन थोडे जोरात फिरते, घसरण कमी होते आणि तेल निवते. आकडा तरीही ११५–१२० कडे जात असेल, तर मात्र कूलर हवा. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास, असा बदल चालेल काय, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

कूलर म्हणजे पातळ पत्र्याच्या पापुद्र्यांतून तेल फिरविणारी जाळी. तो रेडिएटरच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, वारा थेट लागेल असा बसवितात. काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवून तो लटकविला जातो. हे काम पाच मिनिटांत होते आणि सहा महिन्यांत नडते. हादऱ्यांनी पट्टी जाळीवर घासते आणि नळीला भोक पडते. लोखंडी पट्ट्यांच्या साहाय्याने तो गाडीच्या सांगाड्यालाच आवळावा. मागच्या जाळीला टेकू देऊ नये, बोटभर फट ठेवावी. तेलाची तोंडे वरच्या बाजूस असावीत, म्हणजे आत हवा अडकून राहत नाही.

तेलाचा मार्ग असा असावा: गिअरबॉक्समधून रेडिएटरच्या टाकीत, तेथून नव्या कूलरमध्ये, आणि तेथून परत गिअरबॉक्समध्ये. म्हणजे पाणी जेवढे निववू शकते तेवढे निववील आणि उरलेले काम वारा करील. शिवाय पौषातल्या पहाटे तेच पाणी तेलाला ऊबही देईल. कॅनडासारख्या देशांत, जेथे पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरतो, तेथे गार तेल कूलरला वळसा घालून जावे म्हणून थर्मोस्टॅटची झडप लावतात. आपल्याकडे तिच्यावाचून अडत नाही. रेडिएटरची टाकी अजिबात वगळावी, असे काही मिस्त्रींचे मत आहे. टाकीतील नळी आतून गळाली तर पाणी तेलात मिसळते, तेल दुधट होते आणि गिअरबॉक्स जातो, ही त्यांची भीती अनाठायी नाही. पण त्यावर उपाय जुना रेडिएटर वेळीच बदलणे हा होय. चांगला रेडिएटर वगळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

रेडिएटरला आलेल्या दोन नळ्यांपैकी परतीची कोणती, हे गाडीच्या पुस्तकात असते. नसेल तर एंजिन गार असताना एक नळी रेडिएटरपाशी सोडवून दोन्ही उघड्या तोंडांखाली भांडे धरावे, गाडी ‘पार्क’मध्ये ठेवून एंजिन केवळ दोनतीन सेकंद चालवावे. रेडिएटरच्या तोंडातून तेल आले तर ती परतीची. नळीतून आले तर ती जाण्याची. हे माणसाने एकट्याने करू नये. एकजण किल्लीपाशी असावा. पोलादी नळी कापावी लागल्यास पाइप कापण्याच्या कटरनेच कापावी. करवतीने कापल्यास लोखंडाचा कीस नळीत पडतो, आणि ज्या यंत्राच्या रक्षणासाठी खटाटोप, त्याच्याच पोटात तो जातो.

जोडण्यासाठी जी रबरी नळी वापरावयाची, ती गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनविलेली असावी. पाण्याची किंवा पेट्रोलची साधी नळी दिसायला तशीच असते आणि स्वस्तही पडते. पण गरम तेलाने ती फुगते, मऊ होते आणि एके दिवशी निसटते. नळी जेथे चढवितात, त्या धातूच्या टोकाला फुगीर कड असावी, आणि क्लिप त्या कडेच्या मागे आवळावी. नळीला तीव्र वळण देऊ नये. धुराड्यापासून आणि पंख्यापासून ती दूर न्यावी. पत्र्यातील भोकातून जात असेल तेथे रबरी कडे बसवावे. आधीचा गिअरबॉक्स जळून दुसरा बसविला असेल, तर जुन्या नळ्या आणि मूळचा कूलर आतून धुऊन घेतल्याशिवाय काहीच जोडू नये, कारण जुन्याचा कचरा तेथे दबा धरून बसलेला असतो.

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ. खाली मजबूत घोड्या लावाव्यात. काम पुरे झाल्यावर नव्या कूलरमध्ये आणि नळ्यांत जेवढे तेल मावते, तेवढे तेल, पुस्तकात सांगितलेल्याच जातीचे, भरावे लागते. एंजिन सुरू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक गिअरवर क्षणभर थांबवावा आणि मग सपाट जागी पातळी पाहावी. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ती मोजण्याची काडी असते. नव्या काही गाड्यांत काडीच नसते, ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पातळी पाहतात, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तेल जास्त भरणेही वाईट. त्याला फेस येतो आणि फेसाने वंगण होत नाही. पहिल्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने क्लिपा तपासाव्यात. सांडलेले किंवा काढलेले तेल जाम नदीत वा शेताच्या बांधावर न टाकता डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

विद्यार्थ्यांनी सोडविण्यासाठी एक उदाहरण देतो. माल धरून २,४०० किलोग्रॅम वजनाची गाडी १२ मिनिटांत २०० मीटर उंची चढली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शेकडा २० शक्ती वाया गेली. तेल ८ लिटरच आहे. उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर तेल किती अंशांनी तापेल? उत्तर ८६ अंशांच्या थोडे पुढे यावयास हवे.